सवा रुपयाचा निरोप

परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या मुलाला निरोप देण्याची रीत आपल्या घरांत ठरलेली आहे. गावात साधू-साध्वी असतील तर त्यांच्याकडून मांगलिक ऐकवायचे, कपाळी तिलक लावायचा, हातावर दही-साखर ठेवायची आणि खाकरा, चिवडा, कोरड्या चटण्यांचे डबे पुन्हा पुन्हा वजन करून बॅगेत बसवायचे. परतण्याची रीत मात्र कोणी ठरवून दिलेली नाही. मुलगा उतरला की घरची माणसे त्याला घेऊन येतात, चार दिवस गोडधोड होते आणि सारे पूर्ववत झाले असे गृहीत धरले जाते. परतणाऱ्याच्या मनात त्या वेळी दोन हिशेब एकदम चालू असतात. मागे काय सोडून आलो हा एक, आणि येथे आपल्या वाट्याचे काय शिल्लक आहे हा दुसरा.

औशापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तरी या मुलखाच्या व्यापाराला समुद्र अनोळखी नव्हता. औशाच्या तालुक्यातून वाहणारी तेरणा ज्या तेर गावाला वळसा घालून येते, ते तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात तगरची नोंद आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या पेठेतून सुती कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे आणि तेथून गलबतांनी पश्चिमेकडे. जैन कथावाङ्मयातही सागरपर्यटन निषिद्ध नाही. श्रीपाळ राजाच्या कथेतील धवल सेठ जहाजांचा तांडा घेऊन निघतो. ज्ञाताधर्मकथेतील माकंदीचे दोन पुत्र अकरा वेळा समुद्र ओलांडून सुखरूप परततात आणि बाराव्या वेळी आई-वडील नको म्हणतात. तेथे नको म्हणतात ते संकटाच्या भयाने. समुद्र ओलांडल्याने माणूस बाटतो म्हणून नव्हे.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र उलटे झाले होते. व्यापारी ज्ञातींच्या महाजनांनी समुद्रप्रवासाला जातिबहिष्काराची शिक्षा लावली होती. त्या काळात विलायतेला जाऊन परतलेल्या एका तरुण विद्यार्थ्याची हकिकत पुष्कळांनी आत्मकथेतून वाचलेली असते, परंतु तिच्यातील परतीची पाने घाईने उलटली जातात. तो तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. पुढील थोर जीवनाच्या प्रकाशात ही पाने फिकी वाटतात. व्यापारी घरांनी ती सावकाश वाचावीत अशी आहेत. कारण त्यांत एक मोढ वाणी कुटुंब आहे, कर्ज आहे, ज्ञातीचा दंड आहे आणि दोन जैन पुरुषांचा फार निर्णायक सहभाग आहे.

पहिले जैन पुरुष म्हणजे बेचरजी स्वामी. मूळचे मोढ वाणीच, पण दीक्षा घेऊन जैन साधू झालेले आणि गांधी कुटुंबाचे सल्लागार. पुतळीबाईंना मुलाला विलायतेस पाठवण्याची धास्ती वाटत होती. तेथे तरुण मुले मांस खातात, मद्य पितात, बिघडतात, असे त्यांच्या कानी आले होते. बेचरजी स्वामींनी मोहनदासांना मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याचे तीन नियम दिले आणि मगच मातोश्रींनी होकार दिला. नियम देणे-घेणे ही गोष्ट आपल्या घरांत इतकी नित्याची आहे, की तिचे मोल कधी कधी लक्षात येत नाही. येथे त्या तीन नियमांवर एका आईने आपला मुलगा समुद्रापलीकडे सोडला.

निरोपाचा प्रसंग गांधींनी १८९१ साली लंडनमधील 'द व्हेजिटेरियन' या साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितला आहे. भोवती पन्नासेक स्नेही जमलेले. आई हातांनी डोळे झाकून रडत होती आणि हुंदके सर्वांना ऐकू येत होते. आपण रडलो तर आपल्याला दुबळा ठरवून जाऊच देणार नाहीत, या भीतीने मुलाने डोळे कोरडे ठेवले. पत्नीशी चारचौघांत बोलण्याची चाल नव्हती, म्हणून कस्तुरबांची भेट वेगळ्या खोलीत झाली. त्यांनी एवढेच म्हटले, की जाऊ नका. घरात काही महिन्यांचे मूल होते. मोहनदास तेव्हा एकोणीस वर्षांचेही झालेले नव्हते.

राजकोटहून मुंबईस आल्यावर ज्ञातीची सभा भरली. ज्ञातीचे शेठ दूरच्या नात्यातले आणि वडिलांचे स्नेही होते. त्यांनी समजावून पाहिले, मग धमकावले. मुलगा ऐकत नाही असे दिसताच त्याला ज्ञातीबाहेर ठरवण्यात आले, आणि जो कोणी त्याला मदत करील किंवा निरोप देण्यास धक्क्यावर जाईल त्याला सवा रुपया दंड होईल असा ठराव झाला. त्या काळी सवा रुपया ही मोठी रक्कम नव्हती. पण असा दंड पैशाने मोजायचा नसतो. प्रवासाची रक्कम थोरले बंधू लक्ष्मीदास एका मेहुण्यांच्या हवाली करून गेले होते. ज्ञातीच्या भयाने त्या मेहुण्यांनी पैसे देण्यास नकार दिला. शेवटी कुटुंबाच्या एका स्नेह्याकडून उसने घेऊन तिकीट आणि कपडे खरेदी झाले आणि ती रक्कम बंधूंकडून वसूल करावी असे ठरले. ४ सप्टेंबर १८८८ रोजी 'क्लाईड' जहाजाने मुंबई सोडली.

लंडनमधील तीन वर्षे सर्वांना ठाऊक आहेत. येथे एकच गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. हा विद्यार्थी दर रात्री निजण्यापूर्वी पैन्‌पैचा जमाखर्च लिहून शिल्लक जुळवीत असे आणि गाडीभाडे वाचवण्यासाठी मैलोन्‌मैल पायी चालत असे. घरी कर्ज आहे हे त्याला ठाऊक होते. बॅरिस्टरीची सनद १० जून १८९१ रोजी मिळाली, ११ जूनला अडीच शिलिंग भरून हायकोर्टात नाव नोंदवले आणि १२ जूनला जहाज गाठले. ज्यासाठी तीन वर्षे काढली, ते हाती आल्यावर त्या शहरात जेमतेम दोन दिवस.

यावरून घराची ओढ किती होती असे वाटेल, आणि ती होतीच. पण परतीच्या प्रवासावर त्यांनी त्याच साप्ताहिकासाठी जो लेख लिहिला, त्यात वेगळा सूर आहे. जहाजावर पाय ठेवीपर्यंत आपण हिंदुस्थानास निघालो आहोत यावर मन विश्वासच ठेवीना, इतका लंडनचा लळा लागला होता. ग्रंथालये, संग्रहालये, बागा, मोठा व्यापार, शाकाहारी खाणावळी हे सारे सोडताना त्यांना मनापासून वाईट वाटले. निघण्यापूर्वी शाकाहारी मित्रांना त्यांनी हॉलबर्न उपाहारगृहात निरोपाचे जेवण दिले. ते उपाहारगृह शाकाहारी नव्हे. तेथे मुद्दाम निवडक पदार्थांचा शाकाहारी बेत करवून घेतला होता. भाषणाची तयारी केली होती, एक विनोदी किस्साही योजला होता. उभे राहिल्यावर पहिल्या वाक्यापलीकडे काही आठवेना. आभार मानून बसले. निरोपाच्या प्रसंगी पाठ केलेले शब्द हाताशी येत नाहीत, हा अनुभव अनेकांचा असेल.

'ओशियाना' या जहाजावर मोहनदास धरून दोनच शाकाहारी होते. उकडलेले बटाटे, कोबी आणि लोणी यांवर दिवस काढण्याची दोघांनी तयारी ठेवली होती. कारभाऱ्याने मात्र आपुलकीने वरच्या वर्गातून भाजीची आमटी, भात, शिजवलेली आणि ताजी फळे व कोंड्याची पाव-रोटी पुरवली. मागितले तर मिळते, हे परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. (जाता जाता: हेच जहाज १९१२ साली मुंबईकडे निघाले असता इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाले. त्यात सुमारे साडेसात लाख पौंडांचे सोने-चांदी होते आणि पाणबुड्यांनी त्यातील बहुतेक वर काढले. आपल्या सराफ्याच्या वाटेवरचे एक जुने संकट.)

एडनला जहाज बदलावे लागले. 'ओशियाना' पुढे ऑस्ट्रेलियाकडे जाणार होते. मुंबईचे उतारू 'आसाम' या जुनाट जहाजावर चढले. पावसाळा ऐन भरात होता आणि अरबी समुद्र खवळलेला. बहुतेक प्रवासी आजारी पडले. मोहनदास मात्र डेकवर उभे राहून लाटांचे तुषार अंगावर घेत आणि सकाळी एक-दोघा धडधाकट उतारूंसोबत थाळी मांडीत घट्ट धरून ओटची लापशी खात. बाहेरचे वादळ आपल्या आतल्या वादळाचेच रूप होते, असे त्यांनी पुढे लिहिले. ज्ञातीचा प्रश्न पुढे उभा होता, वकिली करता येईल की नाही ही धाकधूक होती. आणि या सर्वांवर एकच उतारा मनात होता, तो म्हणजे आईची भेट.

५ जुलै १८९१ रोजी जहाज मुंबईस लागले. धक्क्यावर थोरले बंधू घेण्यास आले होते. आई केव्हाच निवर्तली होती.

लक्ष्मीदासांनी ही बातमी जाणूनबुजून कळवली नव्हती. परक्या देशात, एकट्या मुलाला, परीक्षेच्या दिवसांत हा घाव बसू नये हा त्यांचा विचार. ते चुकले, असे म्हणणे आज सोपे आहे. मुलाला आईसाठी वेळेवर रडण्याचा हक्क होता आणि तो त्याच्याकडून काढून घेतला गेला. सबंध प्रवासभर जी भेट त्याने मनाशी बांधून ठेवली होती, ती घडणार नव्हती हे घरच्यांना ठाऊक होते आणि त्यालाच तेवढे ठाऊक नव्हते. पण कर्ज काढून धाकट्याला शिकवणारा, स्वतःही त्याच आईला मुकलेला थोरला भाऊ हे ओझे एकट्याने वाहत राहिला, हेही विसरता येत नाही. आपल्या घरांत आजही 'परीक्षा होऊ द्या, मग सांगू' असे ठरते. फोनच्या युगात ते लपून राहत नाही, एवढाच फरक. लपवणाऱ्याची माया खरी असते आणि ज्याच्यापासून लपवले त्याचे नुकसानही खरे असते. यांपैकी एकाने दुसरे खोडले जात नाही.

वडिलांच्या मृत्यूपेक्षाही हा आघात मोठा होता, असे गांधींनी नोंदवले आहे. तरी त्यांनी आक्रोश केला नाही, अश्रूही आवरले आणि जणू काही घडलेच नाही अशा रीतीने दिनक्रम सुरू केला. तीन वर्षांपूर्वी निरोपाच्या वेळी डोळे कोरडे ठेवणारा तो मुलगा येथेही तसाच राहिला.

मुंबई बंदराने अशी आगमने याआधीही पाहिली होती. पाच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १८८६ मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेऊन येथेच उतरल्या होत्या, क्षयाने पोखरलेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक वाट पाहत राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पुन्हा समुद्र ओलांडून अमेरिकेतील कार्पेंटर कुटुंबाकडे गेल्या आणि त्यांच्या स्मशानभूमीत विसावल्या. एकीला घर होते पण आयुष्य उरले नव्हते. दुसऱ्यापुढे सारे आयुष्य होते, पण घरात आई नव्हती.

मुंबईत उतरण्याची सोय डॉ. प्राणजीवन मेहता यांच्याकडे झाली. विलायतेत पोहोचल्यावर मोहनदासांनी ज्यांच्या उंच टोपीवर हात फिरवला आणि त्याबद्दल ज्यांचे बोलणे ऐकून घेतले, तेच हे डॉक्टर. त्यांच्याच घरी दुसऱ्या जैन पुरुषाची भेट झाली. डॉक्टरांच्या थोरल्या बंधूंचे जावई, रेवाशंकर जगजीवन यांच्या जवाहिराच्या पेढीतील भागीदार, कवी आणि शतावधानी, रायचंदभाई. आपण ज्यांना श्रीमद् राजचंद्र म्हणतो ते. वय अवघे तेवीस. मोहनदासांपेक्षा दोन वर्षांनी मोठे.

नव्या बॅरिस्टराने त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. आपल्याला येत असलेल्या युरोपीय भाषांतील शब्द त्याने वाचून दाखवले, आणि रायचंदभाईंनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले. या गृहस्थांना इंग्रजीही येत नव्हते. विलायतेच्या विद्येचा जो थोडा अभिमान चढला होता तो तेथे उतरला. तथापि मनावर ठसा उमटला तो या चमत्काराचा नव्हे. रायचंदभाईंनी तर अवधानाचे जाहीर प्रयोग सोडूनच दिले होते. ठसा उमटला तो त्यांच्या बैठकीचा. समोर हिरे-मोती पारखण्याचे काम, उलाढाल लाखांची, आणि गादीशेजारी सदैव एखादा धर्मग्रंथ व रोजनिशी. सौदा आटोपला की ग्रंथ किंवा रोजनिशी उघडली जाई. त्यांच्या पुष्कळशा लेखनाचा उगम त्या रोजनिशीत आहे. दुकान आणि धर्म यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात, ही व्यापाऱ्यांची नेहमीची सबब त्या गादीवर टिकत नव्हती.

टॉलस्टॉय आणि रस्किन यांचा प्रभाव गांधींवर ग्रंथांतून पडला, रायचंदभाईंचा सहवासातून. दक्षिण आफ्रिकेत धर्मविषयक शंकांनी घेरले, तेव्हा १८९४ साली त्यांनी सत्तावीस प्रश्न लिहून पाठवले ते याच जवाहिऱ्याकडे. आई गेल्याचे कळले त्याच आगमनात ही ओळख झाली. एकाची भरपाई दुसऱ्याने झाली असे म्हणणे योग्य होणार नाही. खातेवहीत जमा आणि नावे समोरासमोर असतात, पण त्या दोन वेगळ्या नोंदी असतात.

मुंबईत त्या काळात आणखी एक जैन मित्र भेटले, वीरचंद राघवजी गांधी. दोघांनी मिळून आहाराचे प्रयोग केले. शिकागोच्या धर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजींना आले. साधूला जहाजाने जाणे वर्ज्य, म्हणून १८९३ साली त्यांच्या वतीने गेले ते हेच वीरचंदभाई. पुढे ते आणि राजचंद्र दोघेही १९०१ सालीच गेले. दोघांनाही चाळिशी पाहता आली नाही.

आता ज्ञातीचे प्रकरण. बहिष्काराच्या प्रश्नावर ज्ञातीत दोन तट पडले होते. एका तटाने तत्काळ पंक्तीत घेतले, दुसऱ्याने घेतले नाही. पहिल्या तटाचे समाधान व्हावे म्हणून लक्ष्मीदासांनी भावाला राजकोटला नेण्यापूर्वी नाशिकला नेले आणि गोदावरीत स्नान घडवले. तेच पाणी पुढे नांदेडच्या घाटांना लागते आणि आपली तेरणाही मांजरेतून अखेर त्यालाच मिळते. राजकोटला पोहोचल्यावर ज्ञातिभोजन झाले. मोहनदासांना हे रुचले नव्हते, पण थोरल्या भावाची इच्छा त्यांनी आज्ञेप्रमाणे मानली.

दुसऱ्या तटाकडे त्यांनी कधी विनवणी केली नाही आणि त्या शेठांविषयी मनात अढीही ठेवली नाही. त्या तटाच्या नियमाप्रमाणे बहिष्कृताला सासऱ्याच्या, सासूच्या, बहीण-मेहुण्यांच्या घरी पाणीसुद्धा पिता येत नव्हते. ही मंडळी गुपचूप पाणी देण्यास तयार होती. मोहनदासांनी ते घेतले नाही. जे उघडपणे करता येत नाही ते लपून करणे त्यांना मान्य नव्हते. परिणाम असा झाला, की त्यांना ज्ञातीकडून कधी त्रास झाला नाही. उलट त्या तटातील माणसांनी पुढे त्यांच्या कार्यात साहाय्य केले. हे मोठ्या मनाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. पण त्यातली बहीण नजरेआड होऊ नये. भाऊ तीन वर्षांनी समुद्रापलीकडून आला, दारात उभा राहिला, आणि तिला त्याच्या हाती पाण्याचा तांब्या देता आला नाही.

घरात वेगळीच अडचण होती. भाऊ बॅरिस्टर होऊन आला, आता वकिली धो-धो चालणार, या हिशेबाने लक्ष्मीदासांनी आधीच घरखर्च वाढवून ठेवला होता. चहा-कॉफी आणि चिनी मातीची भांडी शिरलीच होती. त्यात मोहनदासांनी ओटची लापशी आणि कोको यांची भर घातली. पायांत बूट आले. येणाऱ्या उत्पन्नाच्या भरवशावर वाढवलेला खर्च उत्पन्न येण्याची वाट पाहत नाही. मुंबईत पहिल्या खटल्याची फी तीस रुपये ठरली. उलटतपासणीस उभे राहिल्यावर डोके गरगरले, तोंडातून शब्द फुटेना आणि फी परत करून ते निघून गेले. राजकोटला अर्ज लिहून देण्याच्या कामात महिन्याला तीनशे रुपये मिळू लागले तेव्हा कोठे घडी बसली.

घडी बसली तरी मन बसले नाही. पोरबंदरच्या एका मेमण पेढीचे दक्षिण आफ्रिकेत काम होते. मुदत एका वर्षाची, जाण्या-येण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे, राहण्या-जेवण्याची सोय आणि वर एकशे पाच पौंड. त्यांनी ते पत्करले आणि एप्रिल १८९३ मध्ये पुन्हा मुंबई बंदर गाठले. या वेळी कोणी ठराव केला नाही, कोणाला सवा रुपया दंड पडणार नव्हता. विलायतेला निघताना वियोगाचे जे दुःख झाले होते ते या वेळी झाले नाही, असे त्यांनी लिहिले आहे. कारण आई आता राहिली नव्हती. सल होता तो फक्त कस्तुरबांचा. दरम्यान दुसरा मुलगा झाला होता. वर्षभरात पुन्हा भेटूच, असे त्यांनी पत्नीला सांगितले. भेट झाली ती १८९६ साली.